टॅपेट कव्हरची ऑईल गळती: घरी पॅकिंग बदलताना कामाचा क्रम

टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, नवं पॅकिंग टाकलं आणि पंधरा दिवसांत कव्हरच्या कडेला पुन्हा ओलसर धूळ दिसायला लागली, तर दोष पॅकिंगचा क्वचितच असतो. खाच नीट पुसलेली नसते, सिलिकॉन नको तिथे थापलेलं असतं, किंवा ‘गळतंय ना, मग आवळ अजून’ असं करत बोल्ट इतके पिळलेले असतात की कव्हरच वाकलेलं असतं. काम अवघड नाही. साध्या पेट्रोल गाडीचं काम पहिल्यांदा करणाऱ्यालाही सकाळी सुरू केलं तर दुपारपर्यंत उरकतं. त्यातलं आवळणं जेमतेम दहा मिनिटांचं. बाकी वेळ शोधण्यात आणि पुसण्यात जातो, आणि लोक नेमका तिथेच वेळ वाचवायला बघतात.

पुढचं सगळं साध्या पेट्रोल गाडीसाठी आहे: वर कॉइल किंवा प्लग वायरी, खाली अ‍ॅल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं कव्हर, खाचेत बसणारं रबरी पॅकिंग.

आधी हे वाचा. कॉमन रेल डिझेल गाडीचं हे काम घरी काढू नका. त्यात अनेकदा इंजेक्टर आणि त्यांचे पाइप कव्हरच्या वरून किंवा आरपार जातात, आणि त्या लाइनमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. नाशिकच्या सातपूरला बॉशच्या कारखान्यात अशा इंजेक्टरचे नोझल बनतात. त्यातल्या छिद्रांचा बारीकपणा पाहिला तर पार्किंगमधल्या धुळीत ते उघडायची इच्छा कुणाला होणार नाही. सीएनजी गाडीत किटची रेल किंवा पाइप कव्हरच्या आड येत असतील आणि ते सोडवल्याशिवाय कव्हर निघणार नसेल, तर गाडी किटवाल्याकडे न्या. नुसत्या बाजूला सरकवता येणाऱ्या वायरी असतील तर हरकत नाही.

## १. गळती खरंच तिथलीच आहे का?

टॅपेट कव्हर इंजिनाच्या डोक्यावर असतं. तिथून निघालेलं ऑईल हेडवरून (कव्हर ज्यावर बसतं तो इंजिनाचा वरचा भाग) ओघळतं, ब्लॉकवर पसरतं आणि शेवटी चेंबरच्या, म्हणजे तळाच्या ऑईलच्या टाकीच्या, टोकाला थेंब धरतं. चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे खालून पाहणारा म्हणतो चेंबरचं पॅकिंग गेलं, मागून पाहणारा म्हणतो क्रँकचं ऑईल सील गेलं, आणि या दोन्ही कामांचा खर्च वरच्या पॅकिंगच्या कितीतरी पट असतो. उलटही होतं: गळत असतो ऑईल प्रेशरचा स्विच किंवा कॅम सेन्सरची ओ-रिंग, आणि बदललं जातं टॅपेटचं पॅकिंग.

म्हणून पहिल्या दिवशी काहीही उघडायचं नाही. थंड इंजिनावर डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, चिंध्यांनी कोरडं करा. पाण्याचा फवारा मारू नका. कॉइलच्या विहिरीत (स्पार्क प्लग ज्यात बसतो त्या खोल भोकात) पाणी उतरलं तर गाडी झटके खाईल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. कोरड्या झालेल्या भागावर, कव्हर आणि हेडच्या सांध्याखाली, चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा. मग गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवा. शहरातून पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलात तरी पुरे. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा, पावडर सर्वांत वर कुठे भिजली आहे. गळतीचा उगम तिथेच. खालचा डाग कितीही मोठा असला तरी तो नुसता ओघळ.

वरून खाली या क्रमाने बघा:

- ऑईल भरायच्या झाकणाचं रबर. फुटकळ गोष्ट, पण ‘टॅपेट गळतंय’ म्हणून आलेल्या काही गाड्यांत दोष एवढाच निघतो.
- कव्हरची चारही बाजूंची कड, विशेषतः मागची. फायरवॉलकडची बाजू दिसत नाही. फोनचा कॅमेरा आत घालून फोटो काढा.
- प्लगच्या विहिरी. कॉइल उचलल्यावर तिचं रबर ऑईलने माखलेलं असेल तर विहिरीचं सील गेलंय.
- कॅम सेन्सर किंवा जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर जिथे हेडमध्ये शिरतो ती जागा.
- टायमिंग कव्हरचा सांधा.

थांबा. भिजलेली पावडर टायमिंग कव्हरच्या सांध्याखालीच असेल, वर टॅपेट कव्हरची कड कोरडी आणि खाली ओलं, तर हे काम तुमचं नाही. टायमिंग कव्हर उघडणं वेगळं आणि मोठं प्रकरण आहे.

एक गोष्ट मात्र टाळू नका. ऑईल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल, म्हणजे सिग्नलला थांबल्यावर जळका वास येत असेल किंवा कसारा घाट चढून आल्यावर बॉनेटमधून धूर दिसत असेल, तर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणू नका. तापलेल्या लोखंडावर ऑईल पडत राहणं म्हणजे आगीला आमंत्रण.

## २. पीसीव्ही आधी, पॅकिंग नंतर

लोक ही पायरी शेवटी करतात किंवा करतच नाहीत. इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. तो बाहेर ओढून परत इनटेकमध्ये नेण्याचं काम पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदर पाइपचं. ते काजळीने चोंदले की वायू आत कोंडतो आणि वाट शोधत पॅकिंगलाच ढकलतो. अशा गाडीत कितीही चांगलं पॅकिंग टाका, ते गळणार.

चाचणी साधी. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा, ऑईलचं झाकण उघडा (थोडे शिंतोडे उडतील, चेहरा लांब ठेवा) आणि तोंडावर पातळ कागद ठेवा. निरोगी इंजिनात कागद किंचित आत ओढला जातो किंवा जागच्या जागी थरथरतो. भात्यासारखा वारा कागद उडवत असेल तर आधी पीसीव्ही काढा. धातूचा व्हॉल्व्ह असेल तर कानाजवळ हलवून बघा. आतला भाग खुळखुळला पाहिजे. नसेल खुळखुळत तर नवा टाका, ब्रीदर पाइप साफ करा आणि चाचणी पुन्हा घ्या. त्यानंतरही जोरात वारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेशन तपासून घ्या, मग पॅकिंगचा विचार करा.

काही प्लास्टिक कव्हरमध्ये पीसीव्ही कव्हरच्या आतच घडवलेला असतो. तो बिघडला तर अख्खं कव्हर बदलावं लागतं. हे पार्ट आणायच्या आधी कळलेलं बरं.

## ३. सामान

पॅकिंग आणायला जाताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं, आणि दोन पॅकिंगं शेजारी ठेवली तर फरक बोटभर जागेत असतो. चॅसी नंबर घेऊन जा. सेट मागताना तीन गोष्टी वेगळ्या विचारा: मुख्य पॅकिंग, प्लगच्या विहिरींची सीलं आणि बोल्टखालचे रबरी वॉशर. पुष्कळ ठिकाणी फक्त पहिली वस्तू हातात ठेवतात. जुने कडक वॉशर तसेच राहिले तर बोल्टच्या डोक्याखालून ऑईल झिरपतं आणि दोष नव्या पॅकिंगला लागतो.

सिलिकॉनची छोटी ट्यूब घ्या, गॅरेजमध्ये जिला सरसकट अ‍ॅनाबॉन्ड म्हणतात ती. इंजिन ऑईलला चालणारी आणि सेन्सरला अपाय न करणारी असं ट्यूबवर लिहिलेलं हवं. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन चालत नाही; ऑईलमध्ये ते सुटून येतं.

हत्यारांत आठ आणि दहाची गोटी (सॉकेट), पाव इंची रॅचेट, एक लांब एक्स्टेन्शन, नोज प्लायर, प्लास्टिकची किंवा लाकडाची खरवडणी, ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारं सुती कापड. टॉर्क रेंच मिळवाच, पण बघून. गॅरेजमध्ये चाकांसाठी वापरतात तो अर्धा इंची रेंच इथे निरुपयोगी आहे. त्याचं मोजमाप सुरूच होतं साधारण २० न्यूटन-मीटरच्या पुढे, आणि आपल्याला हवेत त्याच्या निम्मे. पाव इंची, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा लागतो. सातपूर-अंबडच्या बाजूला औद्योगिक हत्यारं विकणाऱ्या दुकानांत विचारा, किंवा ओळखीच्या फिटरकडून दिवसभरासाठी मागून आणा.

इंजिन ऑईल काढायची गरज नाही. कव्हर ऑईलच्या पातळीच्या खूप वर असतं.

## ४. दिवस आणि जागा

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उघडा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करत असाल तर खाली पुठ्ठा अंथरा. फरशीवर पडलेला ऑईलचा डाग निघत नाही आणि मीटिंगमध्ये विषय मात्र निघतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी वारा सुटायच्या आत हेड झाकलेलं असलं पाहिजे. पावसाळ्यात उघड्यावर अजिबात नको.

सिलिकॉनला हवेतला ओलावा लागतो. कोरड्या उन्हाळ्यात ते सुकायला वेळ घेतं, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हाही. ट्यूबवर २४ तास लिहिले असतील तर थंडीत त्यात आणखी भर घाला. थोडक्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागणार असेल तर आज काम काढू नका.

## ५. उघडण्याची तयारी

बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढा. प्रत्येक टप्प्यावर फोटो घ्या, वायरी आणि पाइपांना चिकटपट्टी लावून क्रमांक टाका. कॉइलनाही क्रमांक द्या आणि ज्या विहिरीतून काढली तिथेच परत लावा. पुढे एखादा सिलिंडर मिसिंग झाला तर शोधायला सोपं जातं. जुन्या प्लास्टिक कनेक्टरच्या कळा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात. ओढू नका. कळ दाबा, थोडं आत ढकला, मग बाहेर घ्या.

विहिरीत ऑईल साठलेलं दिसलं तर प्लगला हात लावायच्या आधी ते टिपून घ्या. काडीला कापड गुंडाळून किंवा मोठ्या सिरिंजला नळी लावून. प्लग आधी काढलात तर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरेल.

आता कव्हरची बाहेरची कड आणि बोल्टभोवतीची जागा पुन्हा एकदा साफ करा. नाशिकची बारीक धूळ ऑईलमध्ये मिसळून कडेला पेंड धरते. कव्हर उचलताना ती थेट कॅमशाफ्टवर पडते.

तपासा. कव्हरवरून जाणारी एकही वायर, पाइप किंवा क्लिप अडकलेली नाही ना? मागच्या बाजूला हात फिरवा. कव्हर ‘निघत नाही’ याचं कारण बहुतेकदा तिथली एक विसरलेली क्लिप असते.

## ६. कव्हर काढणं

बोल्ट बाहेरून आत अशा क्रमाने, आधी सगळे अर्धा-अर्धा फेरा सैल करा, मग काढा. एकच बोल्ट पूर्ण काढून दुसऱ्याकडे गेलात तर कव्हर एका अंगाला ताण घेतं. प्लास्टिकचं असेल तर तडकतंही. बोल्टांची लांबी वेगवेगळी असू शकते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आराखडा काढून छिद्रं पाडा आणि ज्या जागेचा बोल्ट त्या छिद्रात खोचून ठेवा.

कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या, आलटून-पालटून. स्क्रू ड्रायव्हर सांध्यात घालून उचकटू नका. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला एक चरा पुढे कायमचा गळत राहतो, आणि त्याला पॅकिंग काही करू शकत नाही.

कव्हर निघालं की हेडवर लगेच स्वच्छ कापड टाका. टायमिंग चेनच्या बाजूचं भगदाड वेगळ्या कापडाने बुजवा. तिथे वॉशर पडला तर तो खाली चेंबरमध्ये जातो आणि दुपारपर्यंतचं काम दोन दिवसांचं होतं. शर्टाच्या खिशात काही ठेवू नका, पेनसुद्धा नाही.

## ७. सफाई, म्हणजे खरं काम

जुनं पॅकिंग खाचेतून काढून बोटांनी वाकवून बघा. प्लास्टिकच्या पट्टीसारखं कडक झालेलं असेल आणि वाकवल्यावर तुटत असेल तर गळतीचं कारण तुमच्या हातात आहे: उष्णतेने रबराची लवचीकता गेली. पण ते अजून मऊ असेल तर सावध व्हा. कारण दुसरीकडे आहे: वाकलेलं कव्हर, चरा, कोंडलेला वायू किंवा आधीच्या कारागिराचं सिलिकॉन.

खाचेचा तळ नखाने तपासा. जळक्या ऑईलचा थर कोपऱ्यांत जमतो आणि पॅकिंग तिथे केसभर वर राहतं. तो प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. हेडच्या सपाट पृष्ठभागावर पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ग्राइंडरची चकती यातलं काहीही नको. एकतर पृष्ठभाग खराब होतो. दुसरं म्हणजे सुटलेले कण ऑईलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत पोचतात. जुनं सिलिकॉन असेल तर तुकडा न् तुकडा वेचून बाहेर काढा, आत ढकलू नका.

शेवटी दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने ओलसर केलेल्या कापडाने पुसा. हेडवर थेट फवारा मारू नका आणि नव्या रबराला तो लागू देऊ नका. पुसलेल्या कापडावर काळा डाग येणं बंद होईपर्यंत पुसत राहायचं. जवळपास विडी-सिगारेट, चालू हीटर काही नको.

मग कव्हर सपाट काचेवर उलटं-सुलटं ठेवून बघा. ज्या बाजूला खाच आहे ती काचेवर टेकवून कोपरे दाबा. डगमगलं तर वाकलंय. बोल्टच्या छिद्रांभोवती टॉर्च तिरपी धरून तडे शोधा. वाकलेलं किंवा तडकलेलं कव्हर सिलिकॉनने वाचवायच्या फंदात पडू नका, बदला.

विहिरींची सीलं काही गाड्यांत कव्हरमध्ये दाबून बसवलेली असतात. जुनं काढायच्या आधी त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि ते किती खोल बसलंय याचा फोटो घ्या. नवं सील त्याच मापाची गोटी वर ठेवून सरळ दाबा.

## ८. पॅकिंग बसवणं

खाच कोरडी, पॅकिंग कोरडं. आधी कोपरे बसवा, मग मधला भाग. एका टोकापासून सुरू केलंत तर रबर ताणलं जातं आणि शेवटी बोटभर जास्तीचं उरतं. मग लोक ते कोंबतात आणि तिथेच फुगवटा येतो.

सिलिकॉन सगळीकडे लावायचं नाही. हेड आणि टायमिंग कव्हर जिथे मिळतात ते दोन सांधे, कॅमशाफ्टच्या टोकाची टोपी हेडला मिळते ते कोपरे, आणि अर्धचंद्राकृती रबर असेल तर त्याची दोन टोकं, एवढ्याच जागा. प्रत्येक ठिकाणी मसुराच्या दाण्याएवढा थेंब. ‘सुरक्षेसाठी’ पूर्ण कडेला फिरवलेलं सिलिकॉन दोन नुकसानं करतं: पॅकिंग त्यावरून घसरतं, आणि आतल्या बाजूला पिळून निघालेली शेपटी सुकून तुटते. ते तुकडे ऑईल पंपाच्या जाळीत अडकले तर इंजिनाला ऑईल कमी पडतं. पॅकिंगच्या कामापायी इंजिन बसतं ते असं.

थेंब लावल्यावर लगेच कव्हर ठेवा. त्यावर साय धरली की ते चिकटत नाही. हेडवरची कापडं काढली का? मोजून टाकली होती, मोजून काढा. कव्हर सरळ वरून खाली उतरवा, सरकवून बसवू नका. मागच्या बाजूचं पॅकिंग उतरताना खाचेतून सुटण्याची सवय असते, म्हणून दोघं असाल तर उत्तम: एकाने धरायचं, दुसऱ्याने आरशात बघायचं.

## ९. आवळणं

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. एखादा बोटाने तीन-चार आटेही जात नसेल तर तो तिरका लागतोय. काढा, पुन्हा लावा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग, बसवण्याशिवाय उपाय नाही.

आवळायचा क्रम मधून बाहेर, गोल-गोल किंवा आडवा-तिडवा. पहिल्या फेरीत नुसतं टेकवा, दुसऱ्या फेरीत अर्धा जोर, तिसऱ्या फेरीत पूर्ण. छोट्या पेट्रोल गाड्यांत सहा मिलिमीटरच्या या बोल्टांना बहुधा ८ ते ११ न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. रेंचवरचे आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतील तर १ म्हणजे जवळपास १० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच मिळालाच नाही तर छोटा रॅचेट डोक्याजवळ धरून तीन बोटांनी आवळा, मनगट वापरू नका.

काही बोल्टांना मधे खांदा असतो. तो टेकला की पॅकिंगवर आणखी दाब जातच नाही. पुढचा प्रत्येक पाव फेरा फक्त बोल्ट तोडायच्या दिशेने जातो.

## १०. चालू करण्यापूर्वी आणि नंतर

सिलिकॉनला ट्यूबवर दिलेला वेळ द्या. मग कॉइल, पाइप, शेवटी बॅटरी. सुरुवातीला आयडलिंग थोडं वर-खाली झालं तर काही मिनिटांत ते जागेवर येतं. पण इंजिन सतत थरथरत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर एखादी कॉइल किंवा ब्रीदर पाइप नीट बसलेला नाही.

पहिली काही मिनिटं धूर आणि वास येईल, मॅनिफोल्डवरचं जुनं ऑईल जळण्याचा. धूर वाढत गेला तर गाडी बंद करा. कमी होत गेला तर कडेने टॉर्च फिरवून बघा, एक फेरी मारून या, आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा बघा. डिपस्टिकवर पातळी तपासून कमी असेल तेवढं ऑईल घाला.

रबरी पॅकिंग नंतर पुन्हा आवळायचं नसतं. जुन्या जीप-अ‍ॅम्बॅसेडरमध्ये बुचाचं पॅकिंग असायचं, ते दबायचं, म्हणून काही दिवसांनी बोल्ट परत टेकवायचे. ती सवय आजच्या गाडीला लावू नका.

आठवड्याने पुन्हा पावडर टाकून बघा. आता ओल फक्त एका कोपऱ्यात आली तर तिथला सिलिकॉनचा थेंब चुकलाय. मागच्या सरळ कडेला आली तर पॅकिंग खाचेतून सुटलंय. बोल्टच्या डोक्याभोवती आली तर वॉशर. आणि सगळीकडून थोडी-थोडी आली तर दुसऱ्या पायरीवर जा, वायू अजून कोंडतोय. विहिरीच्या तळाशी ऑईल आणि वरचं सील मात्र कोरडं, असं असेल तर विहिरीची नळी हेडमध्ये बसते तो सांधा गेलाय. ते काम कारागिराला दाखवा.

माखलेल्या चिंध्या आणि डिग्रीझरचं काळं पाणी गटारात सोडू नका, ते नासर्डी नदीतून गोदावरीतच जातं. बरणीत भरून ऑईल बदलणाऱ्या गॅरेजच्या पिंपात द्या.